तुमचा पंधरवडा, आमचं कपाट

९ सप्टेंबर २०२५

प्रिय आमू,

हे पत्र निलेशच्या दुधाच्या टेम्पोतून येईल. सोबतच्या पाकिटात पैसे आहेत, आधी ते उचलून ठेव आणि मग वाच. फोन केला असता, पण तुला ठाऊकच आहे. आमच्या घरात रेंज नाही, वरच्या माळावर, सड्यावर, चढून जावं लागतं, आणि तिथे वाऱ्यात ओरडून बोललं की संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळतं. शिवाय डी.एड.च्या होस्टेलपासून महत्त्वाचं सगळं मी तुला लिहूनच सांगत आले.

तर महत्त्वाचं हे, की मला काम मिळालंय. पुण्याची एक संस्था आहे, अंध मुलांसाठी पुस्तकं तयार करते. छापील पानं स्कॅन करून मशीन त्यांचा मजकूर काढतं, त्यात चुका राहतात. त्या घरी बसून दुरुस्त करायच्या. त्यांनी चाचणी म्हणून वीस पानं पाठवली होती. ती मी शाळेतल्या बाईंच्या कॉम्प्युटरवर बसून केली आणि त्यांना ती आवडली! एक ऑक्टोबरपासून सुरुवात. अट एकच, स्वतःचा लॅपटॉप हवा. काम घरी करायचं, सड्यावर जाऊन पाठवायचं. आमू, चव्वेचाळिसाव्या वर्षी मला कुणीतरी 'रुजू व्हा' असं लिहिलंय. मला धड झोप नाही. भात उतू जातो, मी बघत उभी राहते.

शनिवारी विसर्जनाच्या सामानाचं निमित्त करून रत्नागिरीत आले होते. तुझ्याकडे यायला वेळ उरला नाही, रागावू नकोस. चार दुकानं फिरले. एकाकडे गणपतीची ऑफर त्या दिवशीच संपत होती, दुसऱ्याकडे लॅपटॉपपेक्षा फ्रीजच मला विकायची घाई. मारुती मंदिराच्या पुढे जे नवं दुकान झालंय, तिथे मात्र गेल्या वर्षीच्या मॉडेलवर मोठी सूट आहे. विक्रेता म्हणाला, "मॅडम, या पंधरा दिवसांत गिऱ्हाईक नसतं, म्हणून एवढं उतरवलंय. घटाला भाव परत वर." दोनच पीस उरलेत. एक काचेबाहेर मांडलेला, सगळ्यांनी बोटं लावलेला. तो नको. दुसरा खोक्यात, सीलबंद.

आता खरी अडचण. पितरांचा पंधरवडा चालू झालाय. सासूबाईंचं तुला माहीत आहे, "पंधरवड्यात घरात नवी चिंधी यायची नाय." संदेशना मुंबईला फोन लावला तर म्हणाले, "घे, पण आईला सांभाळून." म्हणजे काय करू, ते सांगितलं नाही.

मग मला तू आठवलीस. तुमच्याकडे हे पाळत नाहीत. तू तुझ्या नावावर घेऊन ठेवशील का? खोका उघडू नकोस, नुसता ठेव. म्हणजे पंधरवड्यात वस्तू सुरू केली असं होणार नाही. घटस्थापनेच्या दिवशी मी येऊन नेईन. एवढं करच. तो पीस आधीच दुसऱ्या कुणी नेला नाही म्हणजे झालं.

प्रज्ञेशभाऊंना नमस्कार, विनीतला पापा.

तुझी
नमू

---

१२ सप्टेंबर

नमे,

आधी अभिनंदन! कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरवर बसून तुझं पत्र वाचलं आणि इतक्या मोठ्याने हसले की एका मुलीने माझ्याच टेबलावरची 'शांतता राखा'ची पाटी मला दाखवली.

खोका आला. घरात आहे. आता झोप.

झालं कसं, ते ऐक. संध्याकाळी मी आणि प्रज्ञेश गेलो. दुकानात आम्ही दोघं आणि विक्रेते सहा. सहाही धावले. प्रज्ञेश मला हळूच म्हणतो, "लग्नात सुद्धा आपल्याला एवढं कुणी विचारलं नव्हतं." तुझा तो विक्रेता, गोरासा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, त्याने रॅम, प्रोसेसर, काय काय सांगितलं. मी प्रत्येक वेळी मान हलवली. शेवटी विचारलं, "मराठी टाइप होतं ना?" त्याने आधी शेजारच्या विक्रेत्याकडे बघितलं, मग म्हणाला, "होतं की मॅडम." बॅग फुकट मिळाली. माउस मात्र भांडून घ्यावा लागला, तो प्रज्ञेशने घेतला. म्हणाला, "वहिनींना माउसशिवाय जमायचं नाही, आणि नाही दिलात तर आम्ही घटालाच येऊ."

बिल माझ्या नावावर आहे. विक्रेता म्हणाला, "इथेच उघडून चालू करून दाखवतो." मी म्हटलं, नको. तो म्हणाला, "मॅडम, लोक सील फोडायला नखं पुढे करून येतात." प्रज्ञेश म्हणाला, उघडू दे गं, बघून घेऊ. मी नको म्हटलं ते म्हटलं. मैत्रिणीचा शब्द आहे, मी उघडणार नाही. मग त्याने बिलावर शिक्का मारला आणि दोनदा सांगितलं, काही खोट निघाली तर सात दिवसांत बदलून मिळेल, नंतर कंपनी आणि तुम्ही. हे तुला मुद्दाम लिहिते आहे. सात दिवस एकोणीसला संपतात आणि तुझा घट बावीसला. मला विचारशील तर एक दिवस ये, आमच्याकडे बसून उघड, चालू करून बघ आणि परत बंद करून ठेव. तुमच्या घरात काही येत नाही, इथल्या इथेच.

तोवर खोका कपाटावर आहे. तुमचा पंधरवडा आमच्या कपाटावर बसलाय. विनीत विचारतो, हा कुणाचा? त्याला काय सांगू, ते तूच सांग.

आमू

---

१५ सप्टेंबर

प्रिय आमू,

तुझे उपकार कसे फेडू? पत्र चार वेळा वाचलं. माउस मिळाला हे ऐकून प्रज्ञेशभाऊंना माझ्या हातचे घावणे नक्की.

उघडायचं मात्र नको गं. कंपनीचं सील आहे, नवा कोरा पीस आहे, तीन दिवसांनी त्यात काय बिघडणार? काल अष्टमीला सासऱ्यांचं पान ठेवलं. कावळा लवकर येईना. सासूबाई अंगणात उभ्या राहून म्हणत होत्या, "काय राहिलंय सांग, काय चुकलंय?" मी मागे उभी, माझ्या मनात तो खोका. मग आला कावळा, घास घेतला. पण मी ठरवलं, घटापर्यंत हात लावायचा नाही. सुरुवात नीट व्हायला हवी. आयुष्यात पहिल्यांदा काही माझं सुरू होतंय.

घरी सांगून ठेवलं आहे. खरं नाही सांगितलं. म्हटलं, आम्रपालीने लॅपटॉप घेतलाय, अजून उघडलासुद्धा नाही, तिला फारसा लागणार नाही, मला वापरायला देणार आहे. म्हणजे पुढे कधी बिल दिसलं तरी प्रश्न नको. सासूबाई म्हणाल्या, "पंधरवड्यात घेतलान? घेवदे. त्यांना काय लागतंय." मी हसू दाबलं. बघ, किती सोपं झालं! कधी आलीस इकडे आणि विषय निघाला तर तूही तसंच म्हण हं.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी की-बोर्ड काढलाय. दुपारी सासूबाई पडल्या की त्यावर बोटं चालवते. कुठलं अक्षर कुठे, ते पाठ झालं. पण कागद काही परत बोलत नाही. केव्हा एकदा सोमवार येतो असं झालंय.

तुझी
नमू

---

२० सप्टेंबर

प्रिय आमू,

निलेशला तीन दिवस विचारते आहे. तो म्हणतो, वहिनींनी काही दिलं नाही. काल सड्यावर जाऊन फोन लावला. दोनदा वाजला, तिसऱ्यांदा तू कापलास. कामात असशील. की तब्येत बरी नाही? की माझ्या कुठल्या बोलण्याचा राग आला? मागचं पत्र काय लिहिलं ते आठवून आठवून बघते, काही सापडत नाही.

सोमवारी सकाळच्या एसटीने येते. दहापर्यंत तुझ्या दारात.

नमू

---

२१ सप्टेंबर

नम्रता,

सोमवारी मी कॉलेजात असेन. प्रज्ञेश साडेदहापर्यंत घरी आहे. खोका, बॅग, माउस आणि बिल एकत्र ठेवलं आहे. तो देईल.

आम्रपाली

---

२४ सप्टेंबर

आमू,

तुझ्या त्या चार ओळी मी पर्समध्ये घेऊन फिरते आहे. 'नम्रता' असं तू मला कधी लिहिलं होतंस?

पण आधी दुसरं सांगावं लागतंय, कारण ते थांबण्यासारखं नाही. सोमवारी लॅपटॉप आणला. घट बसला होता. खोक्याला हळदकुंकू लावलं, सासूबाईंनी फूल वाहिलं आणि मी सील फोडलं. आतून इतका गुळगुळीत निघाला की हात लावायची भीती वाटली. चालू केला. अर्धा पडदा काळा. उरलेल्या अर्ध्यावर उभ्या हिरव्या रेघा, पागोळ्यांसारख्या. बंद केला, चालू केला, पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "असाच असतो काय तो?" मी हो म्हटलं. आमू, मी हो म्हटलं आणि झाकण मिटलं.

काल दुकानात गेले. त्याच विक्रेत्याने बघितलं, वरिष्ठाला बोलावलं. पडद्याची खोट मुळातली आहे, असं दोघांनीही मान्य केलं. पण सात दिवस संपले. आता कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला जाईल, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात परत येईल. आणि ज्यांच्या नावावर बिल आहे त्यांची सही लागेल. तो म्हणाला, "त्या दिवशी तुमच्या मैत्रिणीचे मिस्टर उघडूया म्हणत होते. मॅडमनीच उघडू दिलं नाही. म्हणाल्या, शब्द दिलाय." मी तिथे त्या टीव्हींच्या भिंतीसमोर उभी होते, तीस पडद्यांवर तीच बाई तीच साडी नेसून नाचत होती, आणि मला तुझा चेहराच आठवेना.

सही करायला येशील? एक तारखेला सातच दिवस राहिलेत. आणि मी काय केलं ते सांग. हवं तर शिव्या दे, पण सांग.

नमू

---

२५ सप्टेंबर

नम्रता,

सही करायला येते. शनिवारी अकरा वाजता, दुकानात.

काय केलं ते विचारलंस म्हणून लिहिते. नाहीतर गप्प बसणार होते, तशी सवय आम्हाला आहे.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला काही वाटलं नाही. खरंच नाही. मैत्रिणीचं काम, तेही एवढ्या आनंदाचं. 'तुमच्याकडे हे पाळत नाहीत', बरोबर आहे, नाही पाळत. आजोबांनी सोडलं ते विचार करून सोडलं. पण नंतर तू लिहिलंस, 'त्यांना काय लागतंय', आणि पुढे लिहिलंस की तुला हसू आलं. त्या वाक्यावर माझा डोळा अडला. सासूबाईंचा मला राग नाही. त्या तशा बोलणार, मी त्यांना वीस वर्षं ओळखते. तू ते वाक्य उचलून, पत्रात घालून, मला पाठवलंस. मी पण हसेन असं तुला वाटलं.

मग मी विचार करत बसले. ते अशुभ जर खरं असेल, नम्रता, तर तू ते माझ्या घरी पाठवलंस. आणि खोटं असेल, तर स्वतःच्या घरी का नाही नेलंस?

याहून एक गोष्ट वाईट झाली. तुझं ते पत्र आलं त्याच दिवशी, मंगळवारी, विनीत शाळेतून तापाने फणफणून आला. एकशे तीन. रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, साधाच ताप होता, शुक्रवारी उतरला. पण त्या मंगळवारी मी त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि माझी नजर कपाटावर गेली. खोक्याकडे. मी उठले, स्टूल घेतलं, खोका खाली काढला आणि गॅलरीत नेऊन ठेवला. प्रज्ञेशने विचारलं, "काय करतेस?" मी म्हटलं, धूळ झाडते.

जे आमच्या घरात दोन पिढ्या नव्हतं, ते मी त्या दिवशी माझ्या हाताने उचलून बाहेर ठेवत होते. याची मला इतकी लाज वाटली की तुझा फोन घ्यायला तोंड नव्हतं. आणि रागही तुझाच आला. तो बरोबर आहे की नाही, मला कळत नाही. पण आहे.

विनीत बरा आहे.

आम्रपाली

---

२८ सप्टेंबर

आमू,

काल तू सही केलीस, कोल्हापूरचा फॉर्म भरलास, विक्रेत्याला दोन शब्द सुनावलेस आणि रिक्षात बसून गेलीस. मी 'चहा' म्हणेपर्यंत रिक्षा वळली होती. त्या एवढ्या वेळात तू माझ्याशी बोललीस ती तीन वाक्यं, आणि तिन्ही बिलाबद्दल. मी तक्रार करत नाही. नुसतं लिहिते.

एसटीत बसले तरी मन बसेना. चाफे स्टॉपला उतरले, रत्नागिरीच्या गाडीने तुझ्याकडे परत यावं असं वाटलं. मग पुन्हा घरच्याच गाडीत चढले. कारण आधी घरी बोलायला हवं होतं.

सासूबाई पडवीत वाती वळत होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं, लॅपटॉप माझा आहे. माझ्या पैशांचा. पंधरवड्यात घेतला, आम्रपालीच्या नावावर. तो बिघडलेला निघाला. माझं काम आहे, ते जाईल बहुतेक.

त्यांनी वात संपवली. म्हणाल्या, "म्हणून सांगत होत्ये, पंधरवड्यात घ्यायचं नाय. बघ, बिघडला."

मी म्हटलं, "बिघडलेला कंपनीतूनच आला. आणि मी बघितला नाही, म्हणून कळलं नाही. त्याच दिवशी उघडला असता तर दुसरा मिळाला असता."

"उघडायचं होतंस मग."

"तुम्ही आणू दिला नसतात."

"नसताच दिला," त्या म्हणाल्या. यात त्यांना काही चुकीचं वाटलं नाही, आणि खरं सांगू, मलाही त्यांच्याशी भांडता आलं नाही. मग मी तुझ्या विनीतच्या तापाचं सांगितलं. सांगायला नको होतं का? पण मला ते आत ठेवून जेवता येत नव्हतं. त्यांचा हात थांबला. "पोर बरा हाय ना आता?" मी म्हटलं, बरा आहे. मग म्हटलं, "आई, तुम्ही म्हणालात, त्यांना काय लागतंय. लागतं. आपल्याला जे नको ते आपण तिच्या पोराच्या डोक्यावर नेऊन ठेवलं."

आणि त्या काय म्हणाल्या ऐक. "मी कधी सांगितलं तिकडे ठेव म्हणून? मी नको म्हटलं ते सगळ्यांनाच नको. ठेवलास तू."

आमू, बरोबर आहे त्यांचं. त्या मानतात, म्हणून त्या घेत नाहीत. तू मानत नाहीस, म्हणून तू घेतेस. मधली मीच. थोडं मानायचं, थोडं नाही, आणि जिथे अडेल तिथे तुला पुढे करायचं. हे मी लॅपटॉपपुरतंच केलं असेल असं मला वाटत नाही. पण मोठी माफी मागून तुझ्याकडून 'असू दे' वदवून घ्यायचं नाही मला. तुझा राग तुझ्याकडे राहू दे. हवा तितके दिवस.

मला एक विचारायचं आहे. नाही म्हणालीस तरी समजेन.

पुण्याला फोन केला होता. त्या बाई चांगल्या आहेत, पण म्हणाल्या, मुदत वाढवता येत नाही, मशीन तोवर कुठलंही चालेल, एक तारखेला फाइल उघडली पाहिजे, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईंना देतो. शाळेतला कॉम्प्युटर मुलांच्या परीक्षेत अडकलाय. तुमच्याकडे प्रज्ञेशभाऊंचा कॉम्प्युटर आहे, दिवसा तुम्ही तिघंही बाहेर असता. माझा कोल्हापूरहून येईपर्यंत, साधारण तीन आठवडे, मी रोज सकाळच्या एसटीने येऊन तुमच्या घरी बसून काम करू का? संध्याकाळच्या गाडीने परत.

ज्या घरी मी तो खोका नेऊन ठेवला त्याच घरात जागा मागते आहे, हे मला कळतं. लिहिताना दोनदा कागद फाडला. पण दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊन बसणं म्हणजे पुन्हा काहीतरी लपवणं होईल असं वाटलं.

निलेश परवा सकाळी सहाला निघतो.

नमू

---

३० सप्टेंबर

नमे,

ये.

राग गेलेला नाही. पत्र वाचून थोडा खाली बसला, तुझ्या सासूबाईंच्या त्या उत्तराने तर मला एकटीलाच हसू आलं. त्यांना माझ्याकडून सांग, बाई सरळ आहेत. पण मी दुपारी पुस्तकं लावता लावता मध्येच पुन्हा चिडते. तू रोज समोर दिसलीस की चिडेन सुद्धा. सहन कर. रागात असलेल्या माणसाने दार उघडू नये असं कुठे आहे?

कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आहे. त्याला चालू व्हायला वेळ लागतो. तो घरघरतो त्याकडे लक्ष देऊ नकोस, प्रज्ञेश सुद्धा देत नाही. मराठी टाइप होतं, ते त्याने काल बसून बघितलं. रोज ग्रंथालयात जाताना किल्ली शेजारी देणार नाही, तुला दुसरी करून ठेवली आहे. दोन तारखेला दसरा, आम्ही सकाळपासून विहारात असू, तुमच्याकडेही सण असेल, तेव्हा त्या दिवशी सुट्टी. विनीत साडेपाचला येतो. तो तुला विचारणार, मावशी, तो खोका तुझा होता ना? मी त्याला काही सांगितलेलं नाही. ते तू सांग.

डबा आणू नकोस. सकाळी दोघींचं करून ठेवते. नवरात्राचा उपास धरला असशील तर निलेशकडे निरोप दे, वरीचे तांदूळ आणते. नसशील तर बांगडा.

आणि उद्या घरून निघताना सासूबाई विचारतील, एवढ्या सकाळी कुठे? तर सांग, आम्रपालीच्या घरी चालले, कामावर.

आमू